चाळीस टन लोखंडावर उपाशी ऊस

निपाणीहून चिक्कोडीकडं निघालात, तर वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या काळ्या रानांत हिरव्यागार उसात मधूनच एखादा पट्टा पिवळा, अगदी पांढुरका पडलेला दिसतो. बांधावरून आत शिरा आणि पोंग्याजवळचं कोवळं पान हातात धरा. शिरा हिरव्या, दोन शिरांमधली जागा पिवळी. टोकापासून बुडापर्यंत नुसत्या रेघाच रेघा. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत हिरवी. ‘ऊस केवडा पडला,’ असं शेतकरी म्हणतात. याचं नेहमीचं कारण म्हणजे उसाला लोह मिळत नाही.

आता हिशेब करून बघा. एक एकर रानातल्या वरच्या वीतभर मातीचं वजन हजार टनांच्या आसपास भरतं. बेसाल्टच्या खडकापासून झालेल्या या मातीत शंभरात पाच भाग तरी लोह असतंच. म्हणजे एकरी चाळीस टनांहून जास्त! आणि एकरभर उसाला वर्षभरात लागतं किती? मोजके काही किलो. एवढ्या साठ्यावर पाय रोवून उभं पीक उपाशी कसं राहतं?

कारण मुळांना घन लोह घेता येत नाही. ते पाण्यात विरघळलेलं लागतं. काळ्या रानात चुनखडी भरपूर, त्यामुळं मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर जातो. सामू एका अंकानं वाढला, की पाण्यात उतरणारं फेरिक लोह हजारपट घटतं. दोन अंकांनी वाढला तर दहा लाख पट, तीन अंकांनी वाढला तर अब्जपट!

हा तीन अंकांचा फरक बघायला लांब जावं लागत नाही. बेळगावहून तिलारीचा घाट उतरून दोडामार्गात या. तिथं केरळहून आलेल्या बागायतदारांनी रबर लावलंय, तांबड्या जांभ्या मातीत, जिचा सामू पाचाच्या आसपास असतो. घाटमाथ्यावरच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, चिक्कोडीकडं जेमतेम सहा-सातशे. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या पावसानं युगानुयुगं खडक धुऊन चुना नेला आणि मागं ठेवलं लोह नि ॲल्युमिनियम. बेळगावात ॲल्युमिनियमचा कारखाना उभा राहिला तो या भागात सापडणाऱ्या बॉक्साइटच्या जोरावर. अशा आंबट, लोहानं भरलेल्या मातीत रबराला लोहाची ददात नाही. तिथं काळजी असते झिंक, बोरॉन आणि मॅग्नेशियम वाहून जाण्याची. शिवाय रबराच्या चिकात तांबं किंवा मँगेनीज जरा जास्त उतरलं, तर तयार रबर लवकर चिकट होऊन खराब होतं. झाडाला जे कणभर हवंच, तेच मालाला कणभर जास्त झालेलं चालत नाही!

पुन्हा उसाकडं येऊ. ऊस हे गवतच, आणि गवतांकडं लोह मिळवण्याची एक अचाट युक्ती आहे. 1976 मध्ये जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी ओट आणि भाताच्या मुळांचं धुवण तपासलं. त्यांना आढळलं, की लोहाची चणचण भासली की ही मुळं एक खास आम्ल मातीत सोडतात. त्याचा रेणू लोहाच्या अणूला खेकड्यानं नांगीत धरावं तसा पकडतो आणि मूळ ती जोडगोळी अख्खी आत ओढून घेतं. बार्लीत तर हा स्राव दिवसभर सारखा नसतो; सूर्य उगवल्यावर काही तासांत त्याची लाट येते. जमिनीखालच्या अंधारातल्या मुळांना सकाळ कळते!

भुईमुगाला हे जमत नाही. तो मुळांभोवतीची माती आंबट करून लोह मिळवू बघतो आणि चुनखडीपुढं हरतो. पण चुनखडीच्या रानात त्याच्या शेजारी मका पेरला, की पिवळा पडणारा भुईमूग हिरवा राहतो, असं प्रयोगांत दिसलंय. शेजाऱ्यानं सोडवलेलं लोह त्याच्याही कामी येतं.

मग उसाची युक्ती कुठं कमी पडते? मला वाटतं, बहुतेकदा पाण्यात. चुनखडीच्या रानात पाणी तुंबलं, की बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांचं काम अडतं. वाफसा आला, की पुष्कळदा नवं पान आपोआप हिरवं निघतं. म्हणून खताच्या पोत्याआधी पाटाकडं बघावं. मुळांना घेता येईल असं लोहच मातीत कमी असेल, तर एकरी दहा किलो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दसपट शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून देतात. चाळीस टनांत दहा किलोंची भर! तरी ती लागू पडते, कारण शेणखतातली सेंद्रिय आम्लं त्या लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या तावडीत चटकन जाऊ देत नाहीत.

आणखी एक नवल. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतंच, मध्यभागी असतं मॅग्नेशियम. लोह लागतं ते हरितद्रव्य घडवायला. शिवाय एकदा पानात बसलेलं लोह तिथून सहसा हलत नाही. म्हणून जुनं पान हिरवं आणि नवं पिवळं. नत्र कमी पडलं तर नेमकं उलटं होतं.

दुखणं लोहाचंच आहे ना, याची खात्री करायची रीत 1840 च्या दशकातली आहे. फ्रान्समध्ये ग्रिस यांनी द्राक्षाच्या पिवळ्या पानांना लोहक्षाराचं पाणी लावून बघितलं होतं. तुम्हीही लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवा, केवडा पडलेल्या एकाच पानावर कुंचल्यानं पट्टा ओढा आणि आठवडाभर थांबा. तेवढाच पट्टा हिरवा झाला, तर दुखणं लोहाचं. नाही झाला, तर हिराकस विकत घेण्याआधी माती तपासून घ्या.