सोयाबीनच्या पानावरची चमक, निदानातील चूक आणि ध्रुवीकरण मोजणारे सेन्सर

खरिपात सोयाबीन पिवळे पडू लागले, की वाशीम जिल्ह्यातील शेतकरी पानांचे फोटो सल्ल्यासाठी पाठवतात. अनेक फोटोंत पानावर पांढरी चमक दिसते. त्यामुळे पिवळा मोझॅक आहे की लोहाची कमतरता, हे ठरवणे अवघड जाते. निदान चुकल्यास फवारणीचा खर्च वाया जातो आणि मोझॅक शेतात पसरत राहतो.

चमक का येते?
पानावर मेणाचा पातळ थर असतो. काही प्रकाश त्यावरून आरशासारखा परततो. उरलेला पानात शिरतो, हरितद्रव्य त्यातील काही भाग शोषते आणि बाकीचा विखरून बाहेर पडतो. पानाचा खरा रंग या विखुरलेल्या प्रकाशात असतो. वरून परतलेला प्रकाश मात्र ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात. उभ्या रेषेपासून सुमारे ५५ अंशांच्या कोनात हा परिणाम सर्वाधिक असतो. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर फिरवल्यास चमक कमी-जास्त होते, ती यामुळेच.

नवे सेन्सर कसे चालतात?
येथे ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनयुक्त; सेंद्रिय शेतीशी त्याचा संबंध नाही. प्लॅस्टिकसारख्या अर्धवाहकाच्या लांब रेणूसाखळ्या एकाच दिशेत ताणून बसवल्या, की त्या दिशेत कंपणारा प्रकाश जास्त शोषला जातो आणि वीजही जास्त तयार होते. असे दोन अर्धपारदर्शक थर काटकोनात एकावर एक ठेवल्यास दोन दिशांतील प्रकाशाचा फरक कळतो. त्यावरून चमक वेगळी काढता येते. हे तंत्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे.

तोपर्यंत काय करावे?
- फोटो सकाळी, पानावर स्वतःची सावली धरून काढावा. पान ओले नसावे.
- वरची कोवळी व खालची जुनी, अशा दोन्ही पानांचे फोटो काढावेत. पानाची खालची बाजूही दाखवावी.
- पिवळे-हिरवे अनियमित चट्टे असल्यास मोझॅकची शक्यता असते. रोगट झाडे उपटून नष्ट करावीत. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत.
- कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असल्यास लोहाची कमतरता संभवते.

शंका असल्यास फवारणीपूर्वी करडा (ता. रिसोड) येथील कृषी विज्ञान केंद्रात झाड दाखवावे.