क्रोएशिया कॅन्सल, तृतीया फिक्स!

ऑफिसमधल्या आम्हा चौघांचा प्लॅन क्रोएशियाचा होता. शिडाची बोट, रोज नवं बेट, डुब्रोवनिकची तटबंदी... एकदम झकास! मग व्हिसा, विमान आणि बोटीच्या भाड्याची बेरीज झाली आणि ग्रुपवर शांतता पसरली. त्या वीकएंडला केडगावला घरी गेलो, तेव्हा आईला फोटो दाखवले. "पाण्यातले किल्ले होय? आपल्याकडं पण आहेत की," ती म्हणाली. "मी तर समुद्रच बघितला नाही अजून."

अठ्ठावन्न वर्षांत एकदाही नाही! मला जाम लाज वाटली, बॉस.

नवा प्लॅन : शुक्रवारी रात्री अलिबागला मुक्काम, सोमवारी एक सुट्टी. पहिला कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथे चक्क चालत जाता येतं. पण ओहोटी काही तुमचा वीकएंड बघून येत नाही. इथे आईचं कालनिर्णय कामाला आलं. कोकणातला जुना हिशोब असा : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी येते भर दुपारी, पण पाणी फारसं हटतच नाही. पौर्णिमा-अमावास्येला छान हटतं, पण भल्या सकाळी नाहीतर संध्याकाळी. म्हणून शनिवारी येणारी तृतीया बेस्ट! (हा अंदाज आहे, टाइमटेबल नाही. किनाऱ्यावर विचारा आणि पाणी चढायच्या आत परत फिरा.)

रविवारी थळहून बोटीनं खांदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इथं बांधकाम काढलं आणि मुंबईचे इंग्रज हादरले. २०२५ पासून हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

सोमवारी मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिरा. इथे मिळते खरीखुरी शिडाची होडी, तीही युरो न मोजता! जंजिरा हा शब्द मुळात अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. त्याला शह द्यायला महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग तटावरून दिसतो. पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे ऑक्टोबरनंतरच निघायचं.

चौघांतले दोघं तयार आहेत. आई मात्र "तुम्ही पोरं जा, मी कशाला?" यावर अडून आहे. पण कालनिर्णयावर त्या शनिवारभोवती गोल आहे. सिलिंडरसाठी केलाय म्हणते. काल तिचा फोन आला.

"पाणी गुडघ्याच्या वर नाही ना येत?"