चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? : जुने सॉफ्टवेअर आणि आपला छोटा व्यवसाय



आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी काही ना काही धंदा असतो. नागावला कॉटेज, मुरूडला खानावळ, पेणला गणपतीचा कारखाना, उरणला झेरॉक्सचे दुकान. आता यातल्या बऱ्याच ठिकाणी एक संगणक असतोच. बिले, बुकिंग, उधारी, जीएसटी सगळे त्याच्यातच. त्यातले सॉफ्टवेअर किती जुने आहे असे विचारले, की उत्तर ठरलेले असते : "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?"

हे उत्तर धोक्याचे का आहे, ते आज समजून घेऊया.

सॉफ्टवेअर जुने होते म्हणजे नेमके काय होते?

लोखंड गंजते तसे सॉफ्टवेअर गंजत नाही. दहा वर्षांपूर्वी जसे चालत होते तसेच ते आजही चालते. मग बिघडते कुठे?

समजा, एका कंपनीच्या कुलपात दोष सापडला. वाकवलेल्या तारेने ते उघडते. कंपनीने जाहीर केले, "कुलूप आणा, फुकट दुरुस्त करून देतो." ही बातमी गिऱ्हाईकांना कळली, तशी चोरांनाही कळली. आता ज्याने कुलूप दुरुस्त केले नाही, त्याचे घर आधीपेक्षा जास्त धोक्यात आले. अपडेट म्हणजे हीच दुरुस्ती. आणि सॉफ्टवेअरची मुदत संपली, की कंपनी ही फुकट दुरुस्ती देणेच बंद करते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या दोषाची दुरुस्ती दिली. अनेकांनी ती बसवली नाही. १२ मे रोजी त्याच दोषातून 'वॉनाक्राय' हा व्हायरस जगभर पसरला. तरीही सगळे जागे झाले नाहीत. २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला.

त्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक बंद पाडले. त्याचा फटका थेट आपल्या उरण तालुक्याला बसला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले जीटीआय हे टर्मिनल मर्स्क समूहातली कंपनी चालवते. तिथले कामकाज विस्कळीत झाले. क्रेन जागेवर, कंटेनर जागेवर. पण कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारी यंत्रणाच बंद!

मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचे कंपनीने सांगितले.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारेलच, "सर, नॉटपेट्या तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आला होता ना? मग अपडेट करायचे कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. चोरांनी त्या अपडेटमध्येच फेरफार केला होता. पण एकदा आत शिरल्यावर तो एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला, तो दोन मार्गांनी : दुरुस्त न केलेल्या जुन्या दोषातून आणि संगणकातून चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर. म्हणून अपडेट हवेच, पण एकटे अपडेट पुरत नाही. माहितीची वेगळी प्रतही हवी.

छोट्या व्यावसायिकाला जास्त धोका का?

१. मर्स्ककडे पैसा आणि माणसे होती. आपल्या दुकानात एकच संगणक, आणि तो बिघडला तर ओळखीचा एक रिपेअरवाला.

२. उधारीची वही कपाटात राहायची. आता उधारी हार्ड डिस्कवर आहे. ती गेली तर कोणाकडून किती येणे आहे, याचा पुरावाच जातो.

३. सरकारी संकेतस्थळे आणि बँकेची पाने जुन्या ब्राउझरवर नीट उघडत नाहीत. हे नेमके रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी कळते.

४. जुन्या फाँटचा त्रास तर आपल्याला शाळेतही माहीत आहे. कृतीदेवमध्ये टाइप केलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये केलेले काम मात्र कुठेही वाचता येते.

मग करायचे काय?

- विंडोज, ब्राउझर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर यांचे अपडेट चालू ठेवा. सीझन नसताना, दुपारच्या निवांत वेळी करा.
- कोणीतरी फुकट टाकून दिलेली चोरीची कॉपी वापरू नका. तिच्यात आधीच काय भरून ठेवले आहे, ते कळायला मार्ग नाही.
- संगणक जुना आहे आणि नवा लगेच परवडत नाही? मग तो इंटरनेटपासून तोडा आणि फक्त बिलांसाठी ठेवा. बँकेचे काम त्यावर नको. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्हही त्याला लावू नका.
- दर आठवड्याला माहितीची प्रत काढा आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यातही शिरतो. एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर ठेवा. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धन, मुरूडकडच्या लोकांना आठवत असेल. छप्पर उडाले, तर संगणक आणि त्याच कपाटातली डिस्क दोन्ही भिजतात.
- वर्षातून एकदा ती प्रत उघडून बघा. न उघडणारी प्रत असून नसून सारखीच.
- फसवणूक होऊन पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

वर्गासाठी छोटा उपक्रम

आठवी-नववीच्या मुलांना घरचा अभ्यास द्या. घरातल्या किंवा ओळखीच्या दुकानातल्या संगणकावर स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'सिस्टीम' उघडायचे आणि विंडोजची आवृत्ती वहीत लिहायची. शेजारी तिची मुदत कधी संपली किंवा संपणार ते लिहायचे. तिसऱ्या रकान्यात "शेवटची प्रत कधी काढली?" या प्रश्नाचे मालकाने दिलेले उत्तर. नाव-पत्ता किंवा पासवर्ड मात्र वहीत येता कामा नये, हे मुलांना आधी बजावून सांगा.

तिसरा रकाना बराचसा रिकामा येण्याची शक्यता आहे. येऊ द्या. आपल्या मुलाने किंवा मुलीने विचारलेला प्रश्न आई-बाबा सहसा टाळत नाहीत. पावसाळ्याआधी आपण कौले फेरून घेतो, होडीला तेल-डांबर लावतो. पाऊस पडायला लागल्यावर नाही. दुकानातल्या संगणकाचेही तसेच करायचे आहे.