लिहितां येणारी पाटी

गेल्या दसऱ्यास आमच्या घरीं पाटीपूजन चाललें होतें. एकाच्या आंकड्यांनीं पाटीवर काढलेली सरस्वती, शेजारीं पोथ्या व मुलांचीं पुस्तकें, त्यांवर झेंडूचीं फुलें, असा नेहमींचा थाट होता. इतक्यांत आमच्या नातवानें आपला टॅब्लेट आणून त्या रांगेंत ठेवला. “आक्काआजी, हीहि माझी पाटीच आहे,” असें त्याचें म्हणणें. आमच्या वडील भगिनी आक्का यांस तें रुचलें नाहीं. त्या म्हणाल्या, “अरे, पाटी म्हणजे जिच्यावर आपण लिहितों ती. हिच्यावर तूं लिहितोस कधीं? तूं तर नुसता पाहात बसतोस!” शेवटीं टॅब्लेटलाहि गंधफूल मिळालें व आरती झाली, पण आक्कांचा प्रश्न मात्र आमच्या मनांतून जाईना. टॅब्लेटचा पूर्वेतिहास चाळून पाहतां असें दिसून आलें कीं, मोठमोठ्या संशोधकांनीं अर्धशतकाहून अधिक काळ ज्याच्यापायीं घालविला, तोच हा प्रश्न आहे. ही पाटी लिहिण्यासाठीं कीं पाहण्यासाठीं? ती हकीकत वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

तारेवरून हस्ताक्षर

विजेच्या साह्यानें हस्ताक्षर दूर धाडण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेंतील एलिशा ग्रे या गृहस्थाचें नांव टेलिफोनच्या इतिहासांत येतें, तें दुर्दैवी म्हणून. १८७६ च्या फेब्रुवारीच्या १४ तारखेस ग्रॅहॅम बेलचा अर्ज पेटंट-कचेरींत दाखल झाला, त्याच दिवशीं ग्रेचाहि कागद तेथें पोंचला. पण मान बेलला मिळाला. याच ग्रेनें १८८८ सालीं ‘टेलऑटोग्राफ’ नांवाच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. एका टोकास बसलेल्या मनुष्यानें लेखणी चालविली कीं तारेच्या दुसऱ्या टोकाची लेखणी आपोआप तसेंच अक्षर उमटवी. १८९३ सालीं शिकागोस भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत हें यंत्र मांडलें होतें. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें, हें वाचकांस माहीत आहेच. पुढें बँकांनीं व रेल्वे स्टेशनांनीं हें यंत्र वापरलें. परंतु तें अक्षराची नक्कल करी. अक्षर वाचण्याची शक्ति त्याच्या अंगीं नव्हती.

१९४५ च्या जुलै महिन्यांत व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञानें ‘अटलांटिक मन्थली’ मासिकांत एक लेख लिहून ‘मेमेक्स’ नांवाच्या काल्पनिक मेजाचें वर्णन केलें. मनुष्याचीं सर्व पुस्तकें व पत्रें त्या मेजांत सांठविलेलीं असावीं, तिरप्या पडद्यांवर तीं उमटावीं, आणि वाचकास त्यांवर स्वतःचीं टिपणें लिहितां यावीं, अशी त्याची योजना होती. मेमेक्स कधींच तयार झालें नाहीं. पण पुढच्या पिढीच्या संशोधकांच्या मनांत त्या लेखानें बीं पेरलें.

संगणक अवतरल्यावर लेखणीचा प्रश्न पुन्हां पुढें आला. १९६३ सालीं आयव्हन सदरलंड या तरुण विद्यार्थ्यानें प्रकाश-लेखणीनें संगणकाच्या पडद्यावरच आकृति काढून दाखविल्या. पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील रँड संस्थेच्या डेव्हिस व एलिस या दोघांनीं खरीखुरी विद्युत्-पाटी तयार केली. दहा इंच लांब व दहा इंच रुंद अशा या पाटीच्या पोटांत तांब्याच्या बारीक रेषा छापलेल्या होत्या : १०२४ आडव्या व १०२४ उभ्या. प्रत्येक रेषेंतून विजेचे ठोके आपापल्या सांकेतिक क्रमानें वाहात. लेखणीचें टोक ते टिपून घेई, आणि दहा लाखांहून अधिक ठिकाणांपैकीं लेखणी कोठें टेकली आहे हें संगणकास कळे. किंमत सुमारें १८,००० डॉलर! शिवाय हात पाटीवर चाले तो अक्षर समोरच्या निराळ्या पडद्यावर उमटे. तरीहि संगणक हातानें काढलेलें अक्षर व चौकोन ओळखूं लागला, हा केवढा पल्ला!

एकाच वर्षाचीं दोन स्वप्नें

आतां १९६८ सालाकडे वळूं. कारण आक्कांच्या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें त्या एका वर्षांत जगापुढें आलीं.

पहिलें उत्तर चित्रपटांतलें. स्टॅन्ले कुब्रिक व आर्थर क्लार्क यांच्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ या चित्रपटांत अंतराळवीर जेवतां जेवतां मेजावरच्या पातळ पाट्यांवर बातम्या पाहात आहेत, असें दृश्य आहे. हा ‘न्यूजपॅड’ केवळ पाहण्याचा होता. हें दृश्य इतकें हुबेहूब वठलें होतें कीं, २०११ सालीं ॲपल व सॅमसंग या कंपन्यांत टॅब्लेटच्या आकारावरून खटला उभा राहिला, तेव्हां असा आकार पूर्वींच कल्पिलेला होता हें दाखविण्यास सॅमसंगनें तेंच दृश्य न्यायालयापुढें ठेविलें.

दुसरें उत्तर ॲलन के या तरुण संशोधकाचें. त्याच वर्षीं सीमूर पेपर्ट हे लहान मुलांस संगणकाच्या द्वारें गणित शिकवीत असलेले त्यानें पाहिले, आणि संगणक ही मोठ्यांच्या कचेरींतील वस्तु नसून मुलांचें पुस्तक व्हावी, असें त्यास वाटूं लागलें. त्यानें पुठ्ठ्याची एक पाटी बनविली, आणि हातांत धरण्यास वजन किती असलेलें चालेल हें अजमावण्यासाठीं तींत शिशाच्या गोळ्या भरून पाहिल्या. १९७२ सालीं, झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनसंस्थेंत असतांना, त्यानें या ‘डायनाबुका’वर निबंध लिहिला. वहीएवढा आकार, चार पौंडांहून कमी वजन आणि ५०० डॉलरांच्या आसपास किंमत, अशी त्याची अपेक्षा होती.

त्या निबंधांतील एक प्रसंग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. जिमी व बेथ हीं नऊ वर्षांचीं मुलें हिरवळीवर बसून आपापल्या डायनाबुकावर अंतराळयुद्धाचा खेळ खेळत असतात. खेळतां खेळतां त्यांच्या मनांत येतें कीं, खेळांत सूर्यहि असावा, आणि त्याच्या ओढीनें यानें वळावींत. मग हें जमवावें कसें याचा शोध तीं करूं लागतात, आणि त्या नादांत भौतिकशास्त्रांत शिरतात. खेळ पाहणें, खेळ खेळणें आणि खेळ घडविणें या तीन पायऱ्यांपैकीं तिसरीवर मूल पोंचावें, हा के यांचा हेतु होता. १९७३ सालीं त्या संस्थेंत ‘आल्टो’ संगणक तयार झाला. पण तो मेजाखालीं मावणारा होता, कांखेंत मावणारा नव्हता. के व त्यांचे सहकारी त्यास तात्पुरतें डायनाबुक म्हणत.

हस्ताक्षराचा चकवा

पडदे पातळ व बॅटऱ्या लहान होण्यास पुढें पंधरा वर्षें लागलीं. १९८७ सालीं ‘लायनस राइट-टॉप’ हें लेखणीनें चालणारें यंत्र बाजारांत आलें, तें चाललें नाहीं. १९८९ च्या ‘ग्रिडपॅड’चा मात्र बरा उपयोग झाला. किंमत २,३७० डॉलर, वजन दोन किलोंच्या घरांत. पण त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स यानें त्याजकडून थोडक्याचीच अपेक्षा केली होती. छापील तक्त्यांत खुणा करणें व सुटीं अक्षरें भरणें, एवढेंच काम तें करी.

इतरांची आकांक्षा मोठी होती. मनुष्यानें आपल्या नेहमींच्या वळणानें लिहावें व यंत्रानें तें वाचावें, हें त्यांचें ध्येय. जेरी कॅप्लन व त्याचे सहकारी यांनीं १९८७ सालीं ‘गो’ नांवाची कंपनी काढली. लेखणीसाठीं सर्वस्वीं नवी कार्यप्रणाली तिनें रचली. पण १९९४ सालीं तिचा कारभार आटोपला. ॲपल कंपनीनें १९९३ च्या ऑगस्टमध्यें ‘न्यूटन’ हें हातांत मावणारें यंत्र ६९९ डॉलरांस विकावयास काढलें. तें लिहिलेल्या शब्दांचे भलतेच शब्द करी, आणि त्याच महिन्यांत वर्तमानपत्रांतील एका प्रसिद्ध व्यंगचित्रमालिकेनें त्याची यथेच्छ टर उडविली. पुढील आवृत्त्यांत वाचन पुष्कळ सुधारलें. पण एकदां गेलेली अब्रू परत आली नाहीं, आणि १९९८ च्या फेब्रुवारींत न्यूटन बंद झाला.

हें एवढें कठीण कां जावें? यंत्राला आपल्यासारखें अक्षर ‘दिसत’ नाहीं. एकामागून एक आलेल्या बिंदूंची माळ तेवढी त्याच्या हातीं येते. प्रत्येकाचें वळण निराळें, आणि एकाच मनुष्याचेंहि सकाळचें व रात्रीचें निराळें. देवनागरींत तर काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरें यांची भर पडते. कोणी शिरोरेघ आधीं ओढतो, कोणी शब्द पुरा झाल्यावर. शिवाय थोडें त्रैराशिक करून पाहावें. शंभरांत पंचाण्णव अक्षरें बरोबर वाचणारें यंत्र आपण हुषारच म्हणूं; पण पांच अक्षरांचा शब्द सबंध बरोबर उतरण्याचा संभव मग शंभरांत सत्त्याहत्तरच उरतो. म्हणजे जवळजवळ दर चौथा शब्द बिघडलेला! असला कारकून कोणता धनी ठेवून घेईल?

यावर तोड काढली ती त्याच हॉकिन्सनें. नव्या यंत्राचा आकार ठरविण्यासाठीं तो लांकडाचा एक तुकडा खिशांत घालून फिरे, आणि जणूं तेंच यंत्र आहे अशा थाटानें त्यावर लिही. १९९६ सालीं आलेल्या त्याच्या ‘पाम पायलट’नें मनुष्यासच नवें वळण शिकण्यास सांगितलें. जवळजवळ प्रत्येक अक्षर लेखणी न उचलतां एकाच फटकाऱ्यांत काढावयाचें; तेवढें केलें कीं यंत्राचा घोटाळा होत नसे. भराभर लिहितां यावें म्हणून ज्यांच्या वाडवडिलांनीं मोडी वळण स्वीकारलें, त्यांस यांत नवल वाटूं नये. लोक थोड्याच वेळांत हें वळण शिकले.

मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांची निष्ठा लेखणीवर कायम होती. पांच वर्षांच्या आंत टॅब्लेट हाच अमेरिकेंत सर्वांत अधिक खपणारा संगणक होईल, असें भाकीत त्यांनीं २००१ सालीं केलें, आणि पुढच्या वर्षीं नोव्हेंबरांत ‘टॅब्लेट पीसी’ बाजारांत आला. पण त्याच्या पोटांत मेजावरच्याच संगणकाची व्यवस्था होती. माऊससाठीं केलेलीं बारीक चिन्हें लेखणीनें गांठतांना हात अवघडे. वजन व किंमत यांनींहि गिऱ्हाईक बिचकलें. भाकीत खोटें ठरलें.

लेखणी गेली, बोट आलें

नुसत्या बोटानें चालणारा पडदा इंग्लंडांत ई. ए. जॉन्सन यानें १९६५ सालींच वर्णिला होता. विमानांच्या रहदारीवर देखरेख करणाऱ्यांसाठीं तो योजलेला होता. आपल्या शरीरांतून विजेचा अल्पसा भार वाहूं शकतो. बोट टेकलें कीं पडद्यावरील विद्युत्क्षेत्र त्या जागीं किंचित् बदलतें, आणि तो बदल यंत्र मोजतें. पुढें अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठांत वेन वेस्टरमन यानें अनेक बोटांच्या एकत्र हालचाली ओळखण्याची युक्ति बसविली. टंकलेखनानें हात दुखूं लागल्यामुळें तो या शोधाकडे वळला होता. त्याची कंपनी ॲपलनें २००५ सालीं विकत घेतली. ॲपलमध्यें टॅब्लेटची कल्पना आधीं निघाली होती व तिच्यावरूनच आयफोन जन्मास आला, असें स्टीव्ह जॉब्स यांनीं पुढें सांगितलें.

२७ जानेवारी २०१० रोजीं सॅनफ्रान्सिस्को येथें जॉब्स यांनीं ‘आयपॅड’ जगास दाखविला. वजन ६८० ग्रॅम, पडदा ९.७ इंच, किंमत ४९९ डॉलरांपासून. एप्रिलच्या ३ तारखेस विक्री सुरू झाली, आणि ८० दिवसांत तीस लाख नग खपले. के यांनीं मागितलेलें वजन, आकार व किंमत हीं सर्व साधलीं होतीं. लेखणी मात्र नव्हती. ज्या हस्ताक्षरापायीं इतक्या कंपन्या बुडाल्या, त्याचा नादच सोडल्यामुळें हें यश आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण त्या यशाची किंमतहि तेव्हांच दिसून आली. त्याच एप्रिल महिन्यांत ‘स्क्रॅच’ या मुलांच्या भाषेंत रचलेले खेळ दाखविणारें एक ॲप ॲपलच्या दुकानांतून काढून टाकण्यांत आलें. अशा तऱ्हेनें दुसरे कार्यक्रम चालविणारीं ॲपें त्या वेळच्या नियमांत बसत नसत. जिमी व बेथ यांनीं खेळ खेळावा, पण त्यांत सूर्य आणूं नये, असाच त्याचा अर्थ झाला. कालांतरानें नियम सैल झाले. २०१४ सालीं लहान मुलांसाठीं ‘स्क्रॅच ज्युनिअर’ आयपॅडवर आलें, आणि २०१५ सालीं खुद्द ॲपलनेंच आयपॅडसाठीं लेखणी विकावयास काढली.

आपल्या देशांतहि स्वस्त पाटीचा प्रयोग झाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं ‘आकाश’ टॅब्लेटचें प्रकाशन झालें; पुढें ती योजना मुंबईच्या आय.आय.टी.कडे आली व २०१२ च्या नोव्हेंबरांत सुधारलेला आकाश निघाला. ती योजना फार काळ तग धरूं शकली नाहीं. परंतु २०२० च्या महामारींत शाळा बंद पडल्या, तेव्हां ज्या घरांत अशी पाटी वा मोबाईल होता त्या घरांतील मुलाची शाळा चालू राहिली, व ज्या घरांत नव्हता तेथील मूल मागें पडलें, हें आपण सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तेव्हां ही वस्तु घरांत नकोच, असें म्हणणें सयुक्तिक होणार नाहीं.

आतां आक्कांच्या प्रश्नाचें उत्तर काय द्यावें? टॅब्लेटच्या पोटांत १९६८ चीं तीं दोन्ही स्वप्नें नांदत आहेत. पाहण्याचें स्वप्न आपोआप खरें होतें. त्यास कोणाचें साह्य लागत नाहीं. घडविण्याच्या स्वप्नास मात्र घरांतलें कोणी तरी वडील माणूस शेजारीं बसावें लागतें. मुलाच्या हातांत ही पाटी किती वेळ होती हें आपण घड्याळाकडे पाहून विचारतों. त्या वेळांत त्यानें तिच्यावर काय काढलें, काय लिहिलें, काय रचलें, हेंहि विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

हें सर्व आम्हीं एके दिवशीं सायंकाळीं आक्कांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, व नातवास हांक मारून म्हणाल्या, “मग बाळ, पुढच्या दसऱ्याची सरस्वती तुझ्या या पाटीवर तूंच काढायची. एक, एक, एक करून. दुसऱ्या कोणी काढलेली चालायची नाहीं हो मला.” त्यानें त्या क्षणींच बोटानें पहिला एक काढला. तो पुरता वांकडा आला, आणि आक्कांनीं त्याच्याकडून तो पुसवून पुन्हां काढविला.