कानडी सुनेची भाषा घरात बोलू या

कोल्हापुरातून कागल ओलांडले की लगेच कर्नाटकाची हद्द लागते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी निपाणी, चिकोडी, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या. आजही गोकाक, हुक्केरी, रायबागकडची लेक आपल्या वस्तीत सून म्हणून येते.

ती मराठी शिकते. शिकावेच लागते. पाणी आला, भाकरी झाला असे म्हणाली की घर हसते, दीर-नणंदा नकला करतात, आणि हळूहळू ती बोलायचेच कमी करते. तिची भाषा शिकावी असे मात्र घरात कुणाला सुचत नाही. बाळ झाले की त्याच्याशी मराठीतच बोल, अशी ताकीद मिळते. मग सुट्टीत तेच बाळ आजोळी जाते आणि आजीच्या तोंडाकडे नुसते बघत बसते. यात आजीचा काय दोष?

कानडी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. अक्का आणि अण्णा दोन्हीकडे तेच. आपल्या तुपाला तिकडे तुप्प म्हणतात. उप्पीट तर सरळ कानडीच. उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. कोल्हापुरात आपण एखादी वस्तू ‘हुडकतो’, कानडीतही हुडुकु म्हणजे शोधणे.

तेव्हा सुरुवात स्वयंपाकघरातून करा. नीर म्हणजे पाणी, अक्कि म्हणजे तांदूळ, मने म्हणजे घर. हवे असेल तर बेक, नको असेल तर ब्याड. इल्ल म्हणजे नाही. व्याही-विहीण दारात आले तर ‘बर्री’ म्हणजे या, ‘कूड्री’ म्हणजे बसा. ‘हेंग अदीरी?’ म्हणजे कसे आहात. शेवटचा ‘री’ हा मानाचा, आपल्या ‘अहो’सारखा. पाहुण्यांशी बोलताना तो विसरू नका. आणि ‘येष्टु?’ म्हणजे किती, हा शब्द संकेश्वरच्या बाजारात लगेच कामी येईल.

काही शब्द फसवे आहेत. कानडीत हालु म्हणजे दूध. ताई ऐकून थोरली बहीण समजाल, पण कानडीत तायी म्हणजे आई. थोरली बहीण ती अक्का. सर्वांत जपून ऐकायचा शब्द म्हणजे कालु. बोलताना शेवटचा उकार गळतो आणि आपल्याला ‘काल’ ऐकू येते. बाळंतपणात सून ‘काल नोवु’ म्हणाली, तर काल दुखत होते असा अर्थ लावून गप्प बसू नका. तिचा पाय आत्ता दुखतो आहे. नोवु म्हणजे दुखणे. तले म्हणजे डोके, होट्टे म्हणजे पोट, कै म्हणजे हात. दवाखान्यात बरोबर जाणाऱ्या सासूला एवढे चार शब्द यायलाच हवेत. कळा सोसताना माणसाच्या तोंडी आपलीच बोली येते, तेव्हा तिच्याकडून मराठीची अपेक्षा कशाला?

उच्चार चुकतील. सून हसेल, तर हसू द्या. आजवर तिने पुष्कळ हसणे ऐकून घेतले आहे.

आजोळचा फोन आला की बाळाच्या कानाला लावा. अज्जी पहिल्यांदा जेवण झाले का हेच विचारणार: ‘ऊट आतेन?’ मोठ्या माणसांना ‘ऊट आतेन्री?’ म्हणतात, लहानांना ‘री’ लागत नाही. बाळाला उत्तर एकच शब्दाचे शिकवा: ‘आतु.’ झाले.