सप्ताहाची पत्रिका आणि रविवारची उपासना

(मंडळीचा कारभार : लेखांक ६)

तेलगावहून परळीकडे निघालं की दिंद्रुड लागतं. माजलगाव तालुक्यातल्या या पट्ट्यात एखाद्या गावी हरिनाम सप्ताह बसायचा असला, की आधी पत्रिका निघते. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कोणत्या दिवशी कोणते महाराज, पंगत कोणाची, काल्याचं कीर्तन कोण करणार, सगळं छापलेलं असतं. पत्रिका देवळाच्या भिंतीवर लागते, दुकानात लागते, आता मोबाइलवरही फिरते. टाळकऱ्याला कधी उभं राहायचं ते विचारावं लागत नाही.

ख्रिस्ती मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणी याच्या उलट चालतं. रविवारचा उपासनाक्रम पाळकसाहेबांच्या बायबलात घडी करून ठेवलेला असतो. गीत कोणतं ते पेटीवाल्याला आयत्या वेळी कळतं. वाचन करणाऱ्याला पुढं बोलावल्यावर अध्याय कळतो. मग लोक बसून ऐकतात, आणि पाळक म्हणतात की मंडळी भाग घेत नाही. घेणार कशी? क्रम आधी हाती पडला तरच तो मंडळीचा होतो, नाहीतर तो एकट्या पाळकाचा राहतो.

हा क्रम कोणी एकानं बसून रचलेला नाही. इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर यांनी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, तीत रविवारच्या सभेचं वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यांतले लोक एकत्र जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ पुरेल तितके वाचले जात. मग सभेचा प्रमुख बोध करी, सगळे उभे राहून प्रार्थना करत, भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोचवत. ऐपतीप्रमाणे जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांची सोय होई. वाचन, बोध, प्रार्थना, प्रभुभोजन, दान : आजच्या कोणत्याही मराठी चर्चमध्ये हा सांगाडा ओळखू येतो. गैरहजर माणसांचा वाटा तेवढा आपण विसरलो. त्याकडे पुढं येतो.

क्रमामागची संगती समजायला यशयाचा सहावा अध्याय उघडावा. आधी देवाच्या पावित्र्याचं दर्शन, त्यातून स्वतःच्या अशुद्धतेची कबुली, मग शुद्धी, मग देवाचा शब्द, आणि शेवटी माणसाचं उत्तर. म्हणून स्तुतीनंतर पापांगीकार येतो, त्यानंतर शास्त्रपाठ आणि संदेश, आणि अर्पण त्यापुढं. लोक नंतर निघून जातात म्हणून काही ठिकाणी दानाची थैली सुरुवातीलाच फिरवतात. हिशेबाला ते सोयीचं असेल, पण शब्द ऐकण्याआधीच उत्तर देऊन मोकळं होण्यासारखं आहे. सूचनांना मात्र मी खुशाल सुरुवातीला ढकलीन. संदेश संपून मनं जागेवर आलेली असताना सेक्रेटरी उठून वर्गणीची थकबाकी वाचू लागले, की पाळकांची आठवडाभराची मेहनत पाण्यात.

आपल्याकडच्या चर्चांमध्ये क्रमाची मोकळीक सारखी नाही. कॅथलिक मिस्साचा क्रम ठरलेला असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. गीतं, प्रवचन, लोकांच्या प्रार्थना यांत स्थानिक हात चालतो, बाकी ग्रंथाप्रमाणे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात सहा परंपरा एकत्र आल्या. अँग्लिकनांना प्रार्थनापुस्तकाची सवय. अहमदनगरला १८३१पासून रुजलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या मोकळ्या वळणाच्या. त्यामुळे आजही एका चर्चमध्ये पुस्तकावरून उपासना होते, तर दुसऱ्यात पाळक ठरवतील तशी.

या मोकळ्या वळणात मराठी सूर भरला तो नारायण वामन टिळकांनी. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यापासून १९१९मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी शेकडो गीतं रचली, अभंग आणि ओवी चर्चमध्ये आणली, कीर्तनं केली. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की त्यांची गीतं भेटतातच. कीर्तन कसं पुढं सरकतं हे ज्या गावाला माहीत आहे, त्याला उपासनेचा क्रम परका वाटायचं कारण नाही.

आता कामाचं. दिंद्रुडच्या आसपास एखाद्या वस्तीवर दहा-बारा घरांची मंडळी आहे असं धरू. पाळक दर रविवारी येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे आणखी गावं आहेत. अशा वेळी गुरुवारपर्यंत क्रम सगळ्यांकडे गेला पाहिजे. गीताचा क्रमांक लिहावाच, पण पहिले दोन-तीन शब्दही लिहावेत. आवृत्ती निराळी निघाली तर क्रमांकाचा भरवसा नाही. पेटीवाल्याला चाल आणि पट्टी कळवावी. वाचनाचा अध्याय आणि ओव्या लिहाव्यात, शिवाय कोणत्या भाषांतरातून तेही, कारण कोणाच्या घरी पंडिता रमाबाईंचं असतं, कोणाकडे बायबल सोसायटीचं. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर इतक्या वेळा येतो की त्यानं भल्याभल्यांची जीभ अडखळते. दहावीतल्या मुलीला तो अध्याय गुरुवारी दिला तर रविवारी ती तो खणखणीत वाचेल.

वाचनं निवडताना तीन वर्षांचं वाचनचक्र हाताशी ठेवावं : जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान. कोणतं वर्ष चालू आहे ते काढायची युक्ती सोपी. इसवी सनाला तीननं भाग गेला तर तिसरं वर्ष, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचं. हे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं एवढं ध्यानात असू द्यावं.

आणि इथंच बीड जिल्ह्याची अडचण उभी राहते. आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सुरू होतो, ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीतरी येतो. नाताळ, उपवासकाळ, उत्तम शुक्रवार सगळं यातच. ऊसतोडीचा हंगामही साधारण हाच. आगाऊ उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, दिवाळीच्या सुमारास मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. मोठे सण येतात तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली पोरं.

गैरहजर माणसांचा वाटा म्हटला तो इथं. म्हणून इथला क्रम गाव आणि ऊसतोड अशा दोन ठिकाणांसाठी आखावा. मोबाइलवर जो जाईल तो तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत, कोपीवरही चालवता यावा : एक गीत, एक स्तोत्र, शुभवर्तमानाचा छोटा भाग, प्रभूची प्रार्थना. पंधरा-वीस मिनिटं पुरेत, कारण पहाटे फडात जायचं असतं आणि कारखान्याला रविवार नसतो. बाप्तिस्मे आणि उपकारस्तुतीची मोठी उपासना पेंटेकॉस्टला धरावी. तो सण १० मे ते १३ जूनमध्ये पडतो आणि तोवर माणसं घरी आलेली असतात.

क्रम ग्रुपवर टाकताना एक पथ्य पाळावं. प्रार्थनाविषयांत आजाऱ्याचं नाव, घरातलं भांडण, मुलीच्या सोयरिकीची अडचण लिहू नये. उपासनेत बोललेलं चार भिंतींत राहतं. मोबाइलवरचं तालुकाभर होतं. ‘आजाऱ्यांसाठी’ एवढंच लिहावं, नावं तिथं घ्यावीत.

झालेले क्रम एका वहीत तारखेनिशी उतरवून ठेवावेत. पाळक बदलले की नव्या पाळकांना ही वही आधी दाखवावी; मंडळीला कोणती गीतं येतात आणि कोणतं शास्त्रवचन वर्षानुवर्षं कोणी वाचलंच नाही, हे तिच्यावरून कळेल. प्रभुभोजनाच्या रविवारी क्रम कसा बदलतो आणि पाळक नसताना काय करता येतं, काय नाही, ते पुढच्या लेखांकात.