इंदूरचा मिल-परिसर : काय पाहावे, कसे पाहावे

इंदुरास येणारा पाहुणा राजवाडा पाहतो, छत्रीबाग व लालबाग पाहतो, काच मंदिरात जाऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी मांडू किंवा महेश्वराची वाट धरतो. मालवा मिल, पाटनीपुरा, परदेशीपुरा ही नावे त्याच्या कानी पडतात ती बसच्या थांब्यांची म्हणून. आपल्या शाळांच्या परिसर-अभ्यासाच्या सहलीही या बाजूला क्वचितच वळतात. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संस्थानी गावाचे आजचे महानगर ज्यामुळे झाले, ते याच भागात घडले. तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांस, विशेषतः विद्यार्थ्यांस नेणाऱ्या शिक्षकांस, उपयोग व्हावा म्हणून हे टिपण लिहिले आहे. मुंबईकर ‘गिरणी’ म्हणतो. इंदूरच्या मराठी घरांत मात्र ‘मिल’ हाच शब्द रुळला आहे. म्हणून येथेही तोच ठेवतो.

प्रथम हा उद्योग येथे आला कसा, हे पाहू. माळव्याची काळी जमीन कापसाची. हा कापूस बाहेर पाठविण्यापेक्षा येथेच त्याचे कापड करावे, हा विचार महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांना सुचला आणि १८६६ मध्ये संस्थानच्या मालकीची पहिली कापड मिल निघाली. त्या वेळी इंदूरपर्यंत आगगाडी आलेली नव्हती. विलायती यंत्रे विंध्याचा घाट चढवून आणण्यासाठी हत्ती लावले होते, असे सांगतात. पुढे याच महाराजांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले व १८७० च्या दशकात तो मार्ग झाला. आधी मिल आणि मग आगगाडी, हा क्रम विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा. बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो.

तथापि खरी भरभराट विसाव्या शतकातील आहे आणि तिच्यामागे एक फारसे न सांगितले जाणारे कारण आहे : अफू. माळव्याच्या सावकारांचे मोठे भांडवल चीनकडे जाणाऱ्या अफूत गुंतलेले असे. १९०७ च्या करारानंतर तो व्यापार आटत गेला व १९१३ पर्यंत संपला. मोकळ्या झालेल्या पैशाला नवे क्षेत्र हवे होते. मुंबईच्या करीमभाई इब्राहिम यांच्या पेढीने मालवा मिल १९०९ मध्ये सुरू करून वाट दाखविलीच होती. १९१५ मध्ये शेठ हुकुमचंद यांची मिल उभी राहिली आणि १९२० च्या दशकात स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, नंदलाल भंडारी अशा मिला एकामागून एक निघाल्या. काच मंदिर शेठ हुकुमचंदांचेच. पाहुणा तेथे छतापर्यंत जडविलेल्या काचा पाहून थक्क होतो. त्या वैभवाचा दुसरा अर्धा भाग रेल्वेमार्गापलीकडे आहे, हे त्यास कोणी सांगत नाही.

फेरी राजकुमार मिलच्या पुलापासून सुरू करावी. तेथून हुकुमचंद मिलच्या बाजूने मालवा मिलचा चौक, पुढे पाटनीपुरा, परदेशीपुरा आणि शेवटी नंदानगर. हे सारे पायीच पाहावयाचे. मिलांच्या इमारती बहुतांशी पडल्या, विकल्या गेल्या किंवा झाडोऱ्यात बुडाल्या. जे अवशेष दिसतील त्यांचा अर्थ लागावा म्हणून कापड मिलची रचना ठाऊक असणे आवश्यक आहे. उंच धुराडे बॉयलरच्या भट्टीला ओढ मिळावी यासाठी असे; ते जितके उंच, तितकी हवेची ओढ अधिक. जवळच पाण्याचा मोठा हौद असे, कारण वाफेच्या इंजिनास पाणी अखंड लागे. साचाखात्याचे, म्हणजे मागांच्या दालनाचे, छप्पर करवतीच्या दातांसारखे असे आणि दातांची उभी बाजू काचेची व उत्तराभिमुख असे. उत्तरेकडून येणारा प्रकाश दिवसभर जवळजवळ सारखा राहतो आणि ऊन थेट आत येत नाही. तुटलेला धागा त्या उजेडात चटकन दिसतो. माळव्याची हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत वारंवार तुटते. म्हणून आत पाण्याचे तुषार सोडून हवा दमट ठेवीत आणि खिडक्या बंद राखीत. सुतास मानवणारी ती हवा माणसास मानवण्यासारखी नव्हती. कापसाचे तंतू, दमटपणा आणि शेकडो मागांचा खडखडाट यांत आठ तासांची पाळी भरून कामगार बाहेर पडत असे. त्याचा दिवस घड्याळावर चालत नसे, भोंग्यावर चाले. घरात घड्याळ नसलेल्या सबंध शहराचा व्यवहारही त्या भोंग्यांवर चालत असे.

भिंती ढासळल्या तरी नावे टिकून आहेत. परदेशीपुरा म्हणजे परप्रांतांतून, मुख्यतः उत्तरेकडून, आलेल्यांची वस्ती. खानदेशातून आणि वऱ्हाडाकडून आलेली मराठी कुटुंबेही आसपासच स्थिरावली. ‘गोमा की फेल’ हे नाव ऐकून नवखा गोंधळतो. पण नागपूर-अकोल्याकडचा माणूस गोंधळणार नाही, कारण तिकडे कामकऱ्यांच्या वस्तीला ‘फैल’ म्हणतातच. ‘कुलकर्णी का भट्टा’ या नावात तर आपल्या समाजाचा एक तुकडाच गोठलेला आहे. आडनाव दक्षिणी, प्रत्यय हिंदी, आणि भट्टा विटांचा! मिल व वस्ती उभारावयाची तर विटा लागणारच. क्लर्क कॉलनी हे नाव कारकून मंडळी कोठे राहत ते सांगते आणि ती फेलांपासून निराळी होती हेही सांगते.

या भागाकडे नीट पाहणारा पहिला मोठा अभ्यासक परका होता. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने पाचारण केले व १९१८ मध्ये त्यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्लेगाने शहर गांजले होते, मिला वाढत होत्या आणि मजुरांना राहण्यास जागा नव्हती. गेडिस यांची पद्धत साधी होती : गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, घर, विहीर, झाड, देऊळ नोंदावे, आणि मगच उपाय सांगावा. वैद्य निदान करतो तसे. सरसकट पाडापाडी त्यांना मान्य नव्हती. थोडी मोडकळीस आलेली घरे काढून मोकळी जागा करावी, झाडे लावावीत, बाकीचे जपावे, असे ते सांगत. बहुमजली चाळी म्हणजे माणसांची कोठारे होत असे त्यांचे मत होते. मजुरास लहानसा भूखंड व जोते द्यावे, वरचे घर तो सवडीने स्वतः बांधील, अशी त्यांची सूचना होती. आज गृहनिर्माणाच्या पुस्तकांतून जी कल्पना नवी म्हणून शिकवितात, ती मुळात एका मिल-शहराच्या अडचणीतून अशी पुढे आली होती.

गेडिस यांची दिवाळीची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी महाराजांकडून एका दिवसाचे राजेपण मागून घेतले, मिरवणुकीचा मार्ग बदलला आणि जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ असेल त्यातून ती जाईल असे जाहीर केले. गावभर सफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराची मोठी प्रतिमा होती. हुकुमाने जे झाले नसते ते उत्सवाने झाले. परंतु मजुरांच्या घरांविषयीच्या त्यांच्या सूचना बहुतांशी कागदावर राहिल्या, हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

घरांचा प्रश्न पुढे कामगारांच्या संघटनांनी हाती घेतला. इंटकचे नेते व पुढे राज्याचे श्रममंत्री झालेले व्ही. व्ही. द्रविड आणि १९६२ मध्ये इंदुरातून लोकसभेवर निवडून गेलेले कॉम्रेड होमी दाजी, ही दोन विरुद्ध विचारांची माणसे या भागाच्या इतिहासात शेजारी शेजारी उभी आहेत. नंदानगर ही कामगार वसाहत. केंद्रीय मंत्री गुलझारीलाल नंदा यांच्या नावाची. कामगार विमा योजनेचे रुग्णालय तेथेच आहे. फेलांच्या बोळांतून नंदानगरच्या आखीव गल्ल्यांत पाऊल टाकले की फरक आपोआप कळतो. स्पष्टीकरण करीत बसण्याची गरज नाही.

मिला बुडाल्या कशा? यंत्रे जुनी झाली आणि नवी घेतली गेली नाहीत. लहान शेडमधील यंत्रमाग स्वस्त मजुरीवर तेच कापड काढू लागले, कृत्रिम धाग्याने सुती कापडाची जागा घेतली. १९७४ मध्ये काही आजारी मिला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. त्यांचे मरण लांबले, टळले नाही. हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. ५,८९५ कामगारांचे वेतन, ग्रॅच्युइटी, इतर देणी अडकली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने हे देणे सुमारे २२९ कोटी रुपये ठरविले. परंतु पैसा यावयाचा कोठून? मिलची साडेबेचाळीस एकर जमीन विकून. आणि ती जमीन कोणाची, राज्याची की महापालिकेची, यावर वाद चालू राहिला. अखेर जमिनीवर गृहनिर्माण मंडळामार्फत प्रकल्प करण्याचे ठरले, आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. लाभार्थी सुमारे ४,८०० सांगितले गेले. या बत्तीस वर्षांत दोन हजारांहून अधिक कामगार मरण पावले होते. त्यांच्या वाटच्या रकमेसाठी विधवा व मुले कागदपत्रे घेऊन उभी राहिली.

या हिशेबात एक गोष्ट मला फार बोचते. कामगाराच्या श्रमाचे मोल न्यायालयाने २००७ मध्येच ठरविले होते, पण ते हाती पडले जमिनीचा सौदा जमल्यावर. म्हणजे श्रम आपल्या बळावर वसूल झालेच नाहीत. ज्या मातीवर ते केले तिच्या किमतीमागे त्यांना उभे राहावे लागले. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नसेल. तथापि विद्यार्थ्यांना भिंत दाखविताना ही तारीखवार हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये.

दरम्यान त्या बंद आवारात झाडांनी आपले काम केले. तीन दशकांत तेथे दाट रान माजले, पक्षी आले, आणि शहराच्या मध्यभागी ही हिरवाई राहू द्यावी म्हणून नागरिक पुढे सरसावले. कामगारांचे देणे जमिनीच्या विकासातून, आणि विकास झाडांच्या मुळावर, असा हा पेच आहे. दोन्ही बाजूंच्या मागण्या खऱ्या आहेत. जवळून वाहणाऱ्या कान्ह नदीचे म्हणणे मात्र कोणत्याच बाजूने पुरेसे मांडले जात नाही. गेडिस यांनी नदीकाठास शहराच्या आरोग्याचे मर्म मानले होते. आज पुलावरून वाकून पाहिले म्हणजे ते मर्म किती दुखावले आहे ते दिसते. हीच नदी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते.

शक्य असल्यास ही फेरी भाद्रपदात काढावी. मिलांतील कामगारांचा गणेशोत्सव जुना. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झांक्या काढण्याची प्रथा १९२० च्या दशकात हुकुमचंद मिलपासून सुरू झाली. हलती चित्रे, पुराणातील प्रसंग, विजेची रोषणाई, आणि पुढे आखाड्यांचे पहिलवान लाठी-पट्टा खेळत जाणारे. मिला बंद झाल्या तेव्हा ही प्रथाही संपेल असे अनेकांस वाटले होते. कामगारांच्या समित्यांनी ती संपू दिली नाही. पगार थांबला होता, देणी अडकली होती, तरी वर्गणी जमत राहिली. महापालिका व विकास प्राधिकरण यांचेही साहाय्य मिळते. उत्सवाच्या आधीचे काही आठवडे झांक्यांचे काम चालू असते. बांबू, कागद, चाके आणि लहानमोठ्या मोटारी यांच्या पसाऱ्यात जुने कामगार बसलेले असतात. कोणता गज कोणत्या दांड्यास जोडला म्हणजे हनुमानाचा हात वर जाईल, याची त्यांच्यात चर्चा चालते. मिलच्या यंत्रांचे ज्ञान अजून जिवंतपणे वापरात असलेले पाहावयाचे असेल, तर त्या दिवसांत तेथे जावे, आणि विद्यार्थ्यांनी थोडा वेळ जवळ बसून प्रश्न विचारावेत. ही मंडळी उत्तरे मोकळेपणाने देतात, आणि कोणता गणपती कोणत्या खात्याचा होता, हेही न विचारता सांगतात.